घर दोघांचे, पण हिस्सा किती कोणाचा?

हिंजवडी, माण, भूगाव, पिरंगुट या मुळशी तालुक्यातील गावांत भातखाचरांच्या जागी गृहसंकुले उभी राहू लागल्यापासून मिळवत्या पतिपत्नींनी संयुक्त नावे घर घेणे येथे नित्याचे झाले आहे. परंतु आरंभीची रक्कम दोघांनी विषम प्रमाणात भरली असता मालकी कशी विभागली जाते, याविषयीचे बहुतेक रूढ समज कायद्याच्या कसोटीस उतरत नाहीत.

दस्तात दोन नावे आली की निम्मा हिस्सा आपोआप ठरतो, हा त्यांतील सर्वांत दृढ समज. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ४५ असे सांगते की, विरुद्ध करार नसेल तर ज्याने मोबदल्याचा जितका भाग दिला, तितक्या प्रमाणात त्याचा हक्क. आणि कोणी किती दिले याचा पुरावाच नसेल, तेव्हा मात्र हिस्से समान गृहीत धरावेत. जिने आपले दागिने मोडून पैसा उभा केला, पण तो पतीच्या खात्यातून बिल्डरला पोचला, तिचा वाटा कागदोपत्री कोठेच उमटत नाही, आणि हा अन्याय मला सर्वांत क्लेशदायक वाटतो.

विवाहाने मिळकत सामाईक होते, हेही खरे नव्हे. गोव्यात पोर्तुगीजकालीन नागरी संहितेमुळे, विवाहापूर्वी निराळा करार नसल्यास, पतिपत्नींची मिळकत सामाईक मानली जाते; महाराष्ट्रात तसा नियम नाही.

याच्या उलट टोकाचा समज असा की, आरंभीच्या रकमेचे प्रमाण तेच संपूर्ण घराचे प्रमाण. साठ लाखांच्या घरासाठी पत्नीने ९ लाख व पतीने ३ लाख भरले आणि उरलेल्या ४८ लाखांच्या कर्जाची फेड दोघांनी समसमान केली, तर तिचे ३३ व त्याचे २७ लाख होतात. अर्थात न्याय्य हिस्से ७५ आणि २५ नव्हेत, ५५ आणि ४५ टक्के. बँकेला या वाटणीशी कर्तव्य नसते. सहकर्जदार या नात्याने संपूर्ण कर्जाची जबाबदारी प्रत्येकावर असते.

ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये दोघांची नावे लागली म्हणजे मालकी सिद्ध झाली, असे गावोगाव मानतात. ती करआकारणीची नोंद आहे. मालकीहक्काचा आधार नोंदणीकृत दस्तच.

घर सांभाळणाऱ्या स्त्रीच्या श्रमांचे मोल पैशाच्या हिशेबात येत नाही, ही या प्रमाणपद्धतीची मोठी उणीव होय. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ साली गृहिणीच्या श्रमांना मिळकतीतील योगदान मानले, तरी निकालाच्या आशेवर विसंबण्यापेक्षा ते मोल दोघांनी आपखुशीने हिश्शात धरावे, हेच मला इष्ट वाटते.

तेव्हा पौडच्या दुय्यम निबंधक कार्यालयात जाण्यापूर्वी ठरलेली टक्केवारी करारनाम्याच्या मसुद्यात वकिलाकडून स्पष्ट नमूद करून घ्या, आणि प्रत्येकाने आपली रक्कम आपल्याच खात्यातून भरावी.