आयईएलटीएसचा रीडिंग पेपर: इंग्रजी येतं, तरी बँड का अडतो?

आपल्या समाजातली मुलं-मुली आज मोठ्या संख्येने परदेशाकडे पाहू लागली आहेत. कोणी जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करून ब्रिटनला जायचं म्हणते, कोणाला मास्टर्ससाठी प्रवेश हवा आहे, कोणी आखातात दहा वर्षं नोकरी करून आता कुटुंबासह कॅनडाचा विचार करतो आहे. या सगळ्यांच्या वाटेत एक परीक्षा हमखास उभी राहते, ती म्हणजे आयईएलटीएस.

या परीक्षेत लिसनिंग, रीडिंग, रायटिंग आणि स्पीकिंग असे चार भाग असतात. आपल्याकडे सगळी भीती स्पीकिंगची. क्लास लावायचा तर तोही 'स्पोकन'चाच. रीडिंगबद्दल मात्र घरात एक गैरसमज असतो: "वाचायचंच तर आहे, त्यात काय?" निकाल लागतो तेव्हा अर्ध्या बँडने रीडिंगच अडलेलं असतं. हा अर्धा बँड स्वस्त नाही. परीक्षेची फी सतरा-अठरा हजार रुपयांच्या घरात आहे. अनेक घरांत ती अम्मीच्या बचतीतून किंवा सोनं गहाण ठेवून भरली जाते. म्हणून हा पेपर नेमका काय मागतो आणि त्याचा सराव घरच्या घरी कसा करायचा, हे आपण नीट समजून घेऊ.

पेपर कसा असतो?

वेळ ६० मिनिटं, प्रश्न ४०. प्रत्येक बरोबर उत्तराला एक गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही जागा रिकामी सोडायची नाही.

परीक्षेचे दोन प्रकार आहेत. अकॅडेमिक हा उच्च शिक्षण आणि नर्सिंगसारख्या व्यवसायांसाठी, तर जनरल ट्रेनिंग हा प्रामुख्याने नोकरी आणि स्थलांतरासाठी. अकॅडेमिकमध्ये तीन मोठे उतारे येतात, तिन्ही मिळून साधारण २१५० ते २७५० शब्द. विषय विज्ञान, इतिहास, पर्यावरण, समाज असे कुठलेही असू शकतात. जनरलमध्ये सुरुवातीला जाहिराती, सूचना, नोकरीच्या ठिकाणचे नियम असे छोटे मजकूर आणि शेवटी एक लांब उतारा असतो.

अकॅडेमिकमध्ये ४० पैकी साधारण २३ उत्तरं बरोबर आली की ६ बँड, ३० आली की ७ बँड मिळतो. जनरलचे उतारे तुलनेने सोपे असल्याने तिथे ७ बँडसाठी सुमारे ३४ उत्तरं बरोबर लागतात. पेपरनुसार यात एखाद-दुसऱ्या गुणाचा फरक पडतो. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला नर्सकडून अकॅडेमिकमध्ये रीडिंग, लिसनिंग आणि स्पीकिंगला ७ आणि रायटिंगला ६.५ बँड लागतो. म्हणजे रीडिंगमध्ये दहा चुकांपर्यंतच मुभा आहे, असं धरून चाला.

खरा शत्रू वेळ

साधा हिशेब करून पाहू. मिनिटाला १५० शब्द वाचणाऱ्या मुलीला २७५० शब्द एकदा वाचायला सुमारे १८ मिनिटं लागतात. उरलेल्या ४२ मिनिटांत प्रत्येक प्रश्नाला एक मिनिटाहून थोडा जास्त वेळ मिळतो. मिनिटाला ८० शब्द वाचणाऱ्याची ३४ मिनिटं नुसत्या वाचनात जातात आणि प्रत्येक प्रश्नाला ४० सेकंदही उरत नाहीत. दोघांनाही इंग्रजी येतं, पण बँड वेगळा येतो.

वेग कमी का पडतो? मराठी किंवा उर्दू माध्यमातून शिकलेली आपली मुलं प्रत्येक वाक्य मनातल्या मनात आपल्या भाषेत फिरवतात. यात लाजण्यासारखं काही नाही, पण सवय बदलावी लागते. मराठी आणि उर्दूत क्रियापद सहसा वाक्याच्या शेवटी येतं, इंग्रजीत ते कर्त्याच्या जवळ असतं. म्हणून लांब वाक्य आलं की आधी दोनच गोष्टी शोधा: कोण, आणि काय केलं किंवा काय झालं.

हे वाक्य घ्या: 'द रिपोर्ट पब्लिश्ड बाय द कमिटी लास्ट इयर वॉज रिजेक्टेड.' घाईत वाचणाऱ्याला 'पब्लिश्ड' हेच क्रियापद वाटतं. खरं क्रियापद आहे 'वॉज रिजेक्टेड'. म्हणजे कमिटीने गेल्या वर्षी प्रसिद्ध केलेला अहवाल फेटाळला गेला. कर्ता आणि क्रियापद सापडलं की बाकीचे शब्द आपोआप जागेवर बसतात.

ट्रू, फॉल्स आणि नॉट गिव्हन

सगळ्यात जास्त गुण इथे जातात. हा प्रश्न इंग्रजीपेक्षा विचार करण्याच्या शिस्तीचा आहे, म्हणून आधी मराठीतच समजून घेऊ. हा छोटा उतारा वाचा:

"कॉफी पिण्याचे जुने पुरावे पंधराव्या शतकातील यमनच्या सूफी मंडळींमध्ये सापडतात. रात्रीच्या जिक्रच्या वेळी झोप येऊ नये म्हणून ते कॉफी पीत. पुढे ही सवय मक्का, काहिरा आणि इस्तंबूलपर्यंत पोहोचली. १५११ मध्ये मक्केत कॉफीवर काही काळ बंदी घालण्यात आली होती. भारतात कॉफीच्या बिया बाबा बुदन यांनी आणल्या, असे लोकपरंपरा सांगते."

आता चार विधानं पाहू.

पहिलं: सूफी मंडळी रात्री जागं राहण्यासाठी कॉफी पीत. हे ट्रू. उताऱ्यात 'झोप येऊ नये' असं आहे, प्रश्नात 'जागं राहण्यासाठी'. शब्द वेगळे, अर्थ एकच.

दुसरं: मक्केतली बंदी कायम राहिली. हे फॉल्स. उतारा 'काही काळ' म्हणतो, म्हणजे विधानाच्या थेट उलट माहिती देतो.

तिसरं: इस्तंबूलमध्ये कॉफी महाग होती. हे नॉट गिव्हन. इस्तंबूलचा उल्लेख आहे, किमतीचा नाही. इथे अनेकजण फॉल्स लिहितात, कारण 'असं तर कुठे लिहिलेलंच नाही' हे त्यांना खोटं वाटतं. लिहिलेलं नसणं आणि खोटं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चौथं: बाबा बुदन यांनी बिया आणल्याची लेखी नोंद उपलब्ध आहे. हेही नॉट गिव्हन. लोकपरंपरा काय सांगते एवढंच उतारा सांगतो. लेखी नोंद आहे किंवा नाही, यावर तो गप्प आहे. तुम्ही चिकमंगळूरला जाऊन आला असाल आणि ही गोष्ट तुम्हाला पाठ असेल, तरी त्या माहितीचा इथे उपयोग नाही. उत्तर फक्त उताऱ्यातून द्यायचं.

एक कसोटी लक्षात ठेवा. फॉल्स लिहिण्याआधी स्वतःला विचारा: 'या विधानाला खोटं ठरवणारी ओळ मी बोट ठेवून दाखवू शकतो का?' दाखवता आली तर फॉल्स, नाही तर नॉट गिव्हन. आणि 'ऑल', 'सम', 'मोस्ट', 'ओन्ली', 'ऑल्वेज', 'मे' हे छोटे शब्द नजरेतून सोडू नका. 'सम' आणि 'ऑल'च्या फरकावर अख्खा गुण फिरतो.

काही ठिकाणी ट्रू-फॉल्सऐवजी येस-नो-नॉट गिव्हन येतं. तिथे वस्तुस्थितीऐवजी लेखकाचं मत विचारलेलं असतं. सूचनेत जे शब्द दिले आहेत तेच उत्तरात लिहा, ट्रूच्या जागी येस नको.

बाकीचे प्रश्न

मॅचिंग हेडिंग्ज: प्रत्येक परिच्छेदाला योग्य शीर्षक निवडायचं. परिच्छेदात आलेला एखादा शब्द शीर्षकात दिसला म्हणून ते उचलू नका, तो बहुतेक वेळा सापळा असतो. संपूर्ण परिच्छेद कशाबद्दल आहे, ते आपल्या शब्दांत एका ओळीत सांगता आलं की शीर्षक सापडतं.

गाळलेल्या जागा: 'दोनपेक्षा जास्त शब्द नकोत' अशी सूचना असेल आणि तुम्ही तीन लिहिले, तर आशय बरोबर असूनही गुण जातो. स्पेलिंग चुकलं तरी गुण जातो. उताऱ्यातून शब्द घ्यायचा असेल तर जसाच्या तसा उतरवा, एकवचन-अनेकवचन तपासून.

प्रश्नांचा क्रम: ट्रू-फॉल्सची उत्तरं साधारणपणे उताऱ्याच्या क्रमानेच येतात. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असेल तर चौथ्याचं त्याच्या पुढे शोधा. 'ही माहिती कोणत्या परिच्छेदात आहे' या प्रकारात मात्र क्रम नसतो, म्हणून तो शेवटी घेतलेला बरा.

वेळेची वाटणी: अकॅडेमिकमध्ये उतारे सहसा कठीण होत जातात. पहिल्याला १५ ते १७ मिनिटं, दुसऱ्याला २०, बाकीची तिसऱ्याला. एखाद्या प्रश्नावर दीड मिनिट गेलं की अंदाजाने उत्तर टाकून पुढे चला. लिसनिंगच्या कागदी पेपरात उत्तरं उतरवायला जादा वेळ मिळतो, रीडिंगमध्ये तो अजिबात मिळत नाही.

आठ आठवड्यांचा घरचा सराव

पहिले दोन आठवडे परीक्षेचे पेपर बाजूला ठेवा. रोज अर्धा तास इंग्रजी वाचा. ब्रिटिश कौन्सिलच्या लर्नइंग्लिश साइटवर पातळीनुसार मोफत उतारे आहेत. त्यानंतर इंग्रजी वृत्तपत्रातला एक लेख घ्या. वाचून झाल्यावर मोबाइल बाजूला ठेवून लेखात काय होतं ते घरातल्या कुणाला तरी मराठीत किंवा उर्दूत सांगा. सांगता आलं नाही तर नजर फिरली, वाचन झालं नाही.

तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात रोज एक उतारा, घड्याळ लावून. सुरुवातीला २५ मिनिटं, मग २०. आयडीपी आणि ब्रिटिश कौन्सिलच्या साइटवर नमुना पेपर मोफत मिळतात. केंब्रिजची सराव पुस्तकं तीन-चार जणांत मिळून घेता येतात. शेवटचे तीन आठवडे आठवड्यातून दोनदा पूर्ण ६० मिनिटांचा पेपर सोडवा. परीक्षा संगणकावर देणार असाल तर सरावही स्क्रीनवरच करा.

पेपर सोडवण्याइतकंच महत्त्व तो तपासण्याला आहे. एक वही करा आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा: शब्द माहीत नव्हता, ओळ सापडली नाही, ओळ सापडली पण अर्थ चुकीचा घेतला, की वेळ संपला. दोन आठवड्यांत आपला कच्चा भाग समोर येतो. शब्दांच्या वहीतही नुसता मराठी अर्थ पुरत नाही, शेजारी त्याच अर्थाचे इंग्रजी शब्द लिहा. 'इनक्रीज'पुढे 'राइज' आणि 'ग्रो', 'चीप'पुढे 'अफोर्डेबल'. परीक्षा याच जोड्यांवर खेळते. मदरशात हिफ्ज करणारी मुलं जुना सबक रोज फिरवतात, तशीच ही वही रोज फिरवायची.

घरच्यांनी काय करावं?

आई-वडिलांना इंग्रजी येत नसलं तरी त्यांची मदत मोठी असते. मुलीला रोज एक सलग, शांत तास मिळवून द्या. तिला ड्युटी असेल, घरकाम असेल, तर फजरनंतरची वेळ उत्तम. त्या तासात भावाने स्वयंपाकघरात हात लावला तर काही बिघडत नाही. रमजानमध्ये परीक्षेची तारीख शक्यतो घेऊ नका. घ्यावीच लागली तर सरावही रोजा ठेवून त्याच वेळी करा. मोहल्ल्यात चार-पाच उमेदवार असतील तर मस्जिदीच्या किंवा जमातीच्या हॉलमध्ये रविवारी एकत्र पेपर सोडवता येईल. मुलींची सोय वेगळी करता येते.

आणि पैशांबाबत सावध राहा. 'सात बँडची गॅरंटी', 'आतून सेटिंग' असं म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका. बनावट निकाल पकडला गेला तर पैसे तर जातातच, पुढचे व्हिसाचे दरवाजेही बंद होऊ शकतात. शिवाय खोटेपणाने मिळवलेल्या नोकरीची कमाई घरात आणायची का, हा प्रश्न आपल्यासाठी वेगळा आहेच. निकाल दोन वर्षं ग्राह्य धरला जातो, म्हणून कागदपत्रांची तयारी नसताना घाईने परीक्षा देऊ नका. एका भागात अडल्यास फक्त तोच भाग पुन्हा देण्याची सोय संगणकावरच्या परीक्षेत आहे, पण तुमची संस्था असा निकाल स्वीकारते का, हे आधी विचारून घ्या. किती बँड लागतो हेही एजंटच्या तोंडून न ऐकता संबंधित विद्यापीठाच्या किंवा कौन्सिलच्या अधिकृत साइटवर पाहा. नियम बदलत असतात.

फी भरण्याआधी घरी घड्याळ लावून तीन पूर्ण पेपर सोडवा. तिन्ही वेळा हवे तेवढे गुण आले तर तारीख घ्या, नाही आले तर एक महिना थांबा. त्या एका महिन्याच्या सब्राने सतरा-अठरा हजार रुपये आणि घरच्यांची चिंता, दोन्ही वाचेल, इन्शाअल्लाह.