नथीची तार, मुबारकियातला ताव

गेल्या गौरीच्या दिवशी माझ्या नथीची तार तुटली. नथ आजेसासूबाईंची. बसरा मोती आणि मधोमध एक माणिक. घालताना तारेचं टोक जरा उघडायचं, घातली की दाबून मिटवायचं, असं तीन पिढ्या चाललं होतं. त्या दिवशी टोक माझ्या बोटांत राहिलं. नथ पडली नव्हती, कुणी ओढली नव्हती. सोनं एवढं मऊ, मग ते काडीसारखं मोडलं कसं? हा प्रश्न घेऊन मी कुवेत सिटीतल्या मुबारकिया बाजाराजवळच्या एका छोट्या कारखान्याचा जिना चढले.

सोनं, चांदी, तांबं ठोकलं, वाकवलं किंवा ओढलं की कडक होत जातं. धातू म्हणजे बारीक स्फटिककणांची दाटी. त्या कणांतले अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात म्हणून धातूला आकार देता येतो. पण अख्खा थर एकदम सरकत नाही. जड सतरंजी ओढून हलत नसली की आपण तिला एक सुरकुती पाडतो आणि ती सुरकुती पुढे ढकलत नेतो, तसं ते असतं. दर ठोक्याला या सुरकुत्या वाढतात, एकमेकींत अडकतात आणि शेवटी कुणालाच हलायला जागा उरत नाही. त्यापुढे जोर लावला की चीर पडते. माझ्या नथीची तार वर्षानुवर्षं, प्रत्येक सणाला, नेमकी त्याच जागी वाकत आली होती.

यावर उपाय एकच, ताव. धातू वितळण्याच्या बराच अलीकडे नेऊन तापवला की गुंतलेल्या कणांच्या जागी नवे, मोकळे कण तयार होतात. पाठ्यपुस्तकी मराठीत याला अनुशीतन म्हणतात. मला 'तापवून नरम करणं' हेच जवळचं वाटतं. शुद्ध सोनं १०६४ अंश सेल्सियसला वितळतं, चांदी ९६२ला. दागिन्याचं सोनं किंवा ९२५ची चांदी नरम व्हायला ६००-६५० अंशांच्या आसपासची आच पुरते. कुवेतच्या वाळवंटात मित्रिबा इथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं. अशा उन्हात हातातली बांगडी चटका देते, पण नरम पडत नाही.

कारागीर बंगालचा, वीस वर्षं इथे. त्याने आधी मोती सोडवून एका वाटीत ठेवले. मोत्याला जाळ चालत नाही, झाळायचं म्हटलं तरी त्याच्या शेजारी ज्योत नेता येत नाही. म्हणून जुनी तारच आटवायची ठरली. वजनाला भर म्हणून माझी मोडकी कुडी घातली. मुशीत चिमूटभर टाकणखार, वर जाळ, आणि मग खाचेत ओतलेली पेरभर कांडी. ऐरणीवर ती लांब केली आणि जंतरात घातली. जंतर म्हणजे एकापेक्षा एक बारीक भोकं असलेली पोलादी पट्टी. तिच्यातून तार चिमट्याने ओढत बारीक करायची. तीन भोकं झाली आणि तो थांबला. ओढताना तारेचा आवाज बदलला होता. मला तो कळला नाही. त्याने पुन्हा ओढून ऐकवला तेव्हा कळला. मघाचा मऊ सरसर आवाज जाऊन कोरडा, चिरका आवाज येत होता.

त्याने तारेची जिलबीसारखी घट्ट गुंडाळी केली. एखादा फेरा सुटा राहिला तर तो इतरांच्या आधी तापतो आणि वितळतो. मग त्याने ट्यूबलाइट बंद केली. उजेडात धातूचा लाल रंग दिसतच नाही, आणि दिसतो तेव्हा वेळ गेलेली असते. फुलवलेली मऊ ज्योत तो गुंडाळीवरून फिरवत राहिला. काही वेळ काहीच घडलं नाही. मग अंधारात एक मंद, जांभळट लाली उमटली, खरोखर आहे की भास आहे असं वाटण्याइतकी. ती गुंडाळीभर पसरली आणि त्याने ज्योत काढली. आणखी थोडं थांबला असता तर कण फुगले असते, वाकवताना तारेचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत झाला असता. त्याहून थोडं पुढे गेला असता तर तारेच्या जागी सोन्याचा थेंब उरला असता. घरी चांदीच्या तारेवर मी हे करून पाहिलं, भर दिव्याच्या उजेडात. तीन तारा गमावल्या.

लाली मावळल्यावर त्याने गुंडाळी पाण्यात टाकली. पोलादाला पाणी देतात ते कडक करण्यासाठी. पण पिवळं सोनं, चांदी, तांबं पाण्यात बुडवलं तरी नरमच राहतं. तांबूस १८ कॅरेटला मात्र पाणी लागतंच. ते सावकाश निवू दिलं तर सोन्याचे आणि तांब्याचे अणू ओळीने रांगा धरतात आणि धातू ठिसूळ होतो. निकेलच्या पांढऱ्या सोन्याचं उलटं, त्याला एकदम थंड केलं तर चिरा पडायची भीती. कुवेतच्या बाजारात १८, २१ आणि २२ कॅरेट शेजारी शेजारी विकलं जातं. म्हणून इथल्या कारागिराला वेगवेगळ्या स्वभावांची सोनी हाताळावी लागतात.

आपल्याकडे पुण्याच्या तांबट आळीत हेच चालतं. तांब्याचा पत्रा ठोकून ताठ झाला की पुन्हा भट्टीत, पुन्हा हातोडी, शेवटी मठार, म्हणजे हातोडीचे ठसे. कोल्हापूरजवळच्या हुपरीत चांदीचे पैंजण घडतात, त्यांच्या तारेलाही तावाशिवाय गत नाही. खानापूर-आटपाडीकडच्या, सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाई बांधवांनी तर मूस आणि जाळ घेऊन देशभर दुकानं मांडली. पण आपण कौतुक करतो ते मठारलेल्या ठशांचं, जाळीच्या नक्षीचं. ताव मागे खूण ठेवत नाही, म्हणून त्याचं नाव कुणी घेत नाही. मला हा मोठा अन्याय वाटतो. हातोडी चालवणं पाहून शिकता येतं. कधी थांबायचं ते कानाने आणि अंधारातल्या डोळ्याने शिकावं लागतं, आणि ते मराठीत लिहून ठेवलेलं मला फारसं सापडलं नाही.

तावाला अपवादही इथे कुवेत सिटीतच पाहायला मिळतो. शेख नासर सबाह अल-अहमद आणि शेखा हुसा यांनी जमवलेल्या अल-सबाह संग्रहात मुघलकालीन हिंदुस्थानी जडावकामाचा मोठा ठेवा आहे. हा संग्रह १९८३ पासून दार अल-आसार अल-इस्लामिय्या या संस्थेकडे आहे. १९९० साली इराकी आक्रमणात राष्ट्रीय संग्रहालय लुटलं गेलं, इमारत जळाली. संग्रहाचा काही भाग तेव्हा परदेशातल्या प्रदर्शनात होता म्हणून वाचला, आणि नेलेल्या वस्तूंपैकी बहुतेक पुढे बगदादहून परत आल्या. या जडावाचा प्राण म्हणजे कुंदन. सोनं इतकं शुद्ध करायचं की ते ठोकूनही फारसं कडक होत नाही. त्याच्या पातळ पट्ट्या खड्याभोवती लोखंडी सळईने दाबत गेलं की त्या जाळाशिवाय, थंडपणीच एकमेकींत मिसळतात. तिथे सगळी आच आधीच, सोनं शुद्ध करण्यात खर्च झालेली असते. खडा जाळापासून सुरक्षित राहतो. माझ्या मोत्यांच्या अडचणीवर त्या कारागिरांनी शतकांपूर्वी काढलेला हा मार्ग पाहून मी काचेसमोर बराच वेळ उभी राहिले.

आणि मोती? बसरा मोती म्हणजे याच आखातातला. कुवेतचे पाणबुडे उन्हाळाभर समुद्रात बुड्या मारत आणि तो माल मुंबईच्या बाजारात जाई. कुवेतमध्ये १९६१पर्यंत रुपयाच चालत होता, इतकं हे नातं घट्ट होतं. जपानी कल्चर्ड मोती आणि १९३०च्या आसपासची मंदी यांनी तो धंदा मोडला. १९३८ मध्ये बुरगानला तेल लागलं, आणि पुढे त्या तेलामागून आम्ही आलो. नथीतले मोती कदाचित इथूनच मुंबईला गेले असतील.

तार हवी तेवढी बारीक व्हायला चार वेळा तापवावी लागली. चौथ्या तावानंतर मला वाटलं काम झालं, पण त्याने मान हलवली. एवढी नरम तार नाकात टिकणार नाही, आकडा आपोआप उघडेल. मग त्याने ती न तापवता आणखी दोन भोकांतून ओढली, तेवढाच ताठा आणण्यासाठी. टोक वाकवलं, सोडलं, ते अलगद परत आलं. मग ट्यूबलाइट लावून त्याने वाटीतला पहिला मोती उचलला.