हुतात्मा कोणाचा? छत्तीसगढमधील श्रमिक-संघर्ष आणि सत्तेची लोकप्रतिमा

श्रमिक संघटनेशी संघर्ष चालू असताना राजकीय नेतृत्वाला दोन प्रतिमा एकाच वेळी सांभाळाव्या लागतात : सुव्यवस्थेचा रक्षक आणि जनतेचा कैवारी. पहिलीसाठी पोलीसबळ पुरते. दुसरीसाठी लोकस्मृतीतील नायक लागतो. असा नायक पुष्कळदा संघटनेनेच आधी उभा केलेला असतो. रायपूरलगतच्या बीरगांव-उरला औद्योगिक पट्ट्यापर्यंत पोहोचलेली कामगार चळवळ या प्रक्रियेचे बोलके उदाहरण आहे.

सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांनी १८५६ च्या दुष्काळात व्यापाऱ्याचे धान्यकोठार उघडून भुकेल्यांना धान्य वाटले. १० डिसेंबर १८५७ रोजी इंग्रजांनी त्यांना रायपुरात फाशी दिले. दल्ली-राजहरा येथील लोहखाणींत शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली १९७७ मध्ये उभ्या राहिलेल्या छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघाने ही स्मृती पुन्हा जागवली. ठेकेदारी कामगारांच्या दृष्टीने धान्यकोठार उघडणे हा उपकार नव्हता, हक्क होता.

१९९० पासून हे आंदोलन भिलाई, उरला व टेडेसरा येथील खाजगी कारखान्यांत पसरले. कायम नोकरी आणि जगण्यापुरते वेतन या त्याच्या मुख्य मागण्या होत्या. २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगींची भिलाईत हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी सुंदरलाल पटवा मुख्यमंत्री असताना भिलाईत रेल्वेमार्गावर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पंधराहून अधिक कामगार मृत्युमुखी पडले.

२००० मध्ये स्वतंत्र राज्य झाल्यावर नारायणसिंहांचे नाव शासकीय पुरस्काराला आणि पुढे नवा रायपूर येथील क्रिकेट स्टेडियमला मिळाले. शासकीय गौरवात धान्यकोठाराचा प्रसंग गाळला जात नाही. मात्र त्याचा रोख बदलतो. हक्काची कथा औदार्याची होते आणि विरोधक म्हणून परकी राज्यकर्ता तेवढा उरतो, व्यापारी मागे सरतो.

१९५६ पर्यंत विदर्भासह एकाच प्रांतात असलेल्या या प्रदेशाची तुलना महाराष्ट्राशी करता येते. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी, मोरारजी देसाई मुख्यमंत्री असताना, मुंबईत फ्लोरा फाउंटन येथे संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला. त्याच जागी पुढे मशालधारी कामगार व शेतकरी यांचे शिल्प उभे राहिले, आणि १ मे रोजी तेथे पुष्पचक्र वाहणे हा राज्यकर्त्यांचा शिरस्ता झाला. १८ जानेवारी १९८२ पासून दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप मोडून पडला, गिरण्याही बंद होत गेल्या. शिल्पातील कामगाराला अभिवादन मात्र चालू राहिले.

या दोन उदाहरणांत एक भेदही आहे. मुंबईत हुतात्म्यांचे बलिदान भाषिक राज्याच्या स्थापनेशी जोडले गेल्याने श्रमिक आणि शासक यांना निदान एक समान कथानक मिळाले. छत्तीसगढमध्ये राज्याने नारायणसिंहांना आपलेसे केले, परंतु भिलाईच्या मृतांची आठवण प्रामुख्याने संघटनेनेच जपली. म्हणून अशा गौरवकथांचा तौलनिक अभ्यास करताना नायक कोण, एवढेच विचारून भागत नाही. कथेत त्याचा प्रतिपक्ष कोण ठरवला आहे, हे पाहावे लागते. प्रतिपक्ष बदलला की तोच हुतात्मा सत्तेच्या बाजूने उभा करता येतो.