‘ताकदीची’ गोळी सर्वांनाच सोसते असे नाही

हाडे दुखू लागली की डॉक्टर ‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची गोळी किंवा पुडी लिहून देतात. ती बहुधा आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. पण घरोघरी काय होते? ताकदीची म्हणून कुणी ती रोज घेते, कुणी शेजारणीच्या चिठ्ठीवर आणते!

हे जीवनसत्त्व लघवीवाटे सहज निघून जात नाही, चरबीत साठते. फार झाले की रक्तात कॅल्शियम वाढते. मग मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, सारखी लघवी, पुढे मुतखडा.

काहींना तर इतरांना चालणारे प्रमाणही बाधते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये मुडदूस टाळण्यासाठी बाळांच्या दूध पावडरीत ‘ड’ जीवनसत्त्व भरपूर घालत. हेतू चांगलाच होता. पण १९५० नंतर काही बाळे दूध पिईनात, ओकू लागली, सुकू लागली. तेच दूध पिणारी बाकीची बाळे मात्र ठणठणीत! १९५७ साली प्रमाण घटवले गेले. कारण सापडायला २०११ साल उजाडले. जास्तीचे ‘ड’ जीवनसत्त्व शरीरात मोडून टाकण्याचे काम एक जनुक करते. काहींमध्ये ते जन्मतःच निकामी असते.

गोळी चालू असताना वरील त्रास झाला, तर भगिनींनो, ती थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा, रक्तातील कॅल्शियम तपासून घ्या. घरात कुणाला वरचेवर मुतखडे होत असतील तर तेही सांगा.