निरोपाचा खलिता

नोकरीभर जे ओठांत दाबून ठेवले, ते माणूस निरोपसमारंभात बोलतो आणि हार-नारळ घेऊन घरी जातो. बँकेतल्या नोकरीत असे समारंभ मी पुष्कळ पाहिले. ब्रिटनच्या परराष्ट्र खात्यात तर या अखेरच्या बोलण्याची रीतसर प्रथाच होती. निवृत्त होणारा राजदूत मंत्र्यांना निरोपाचा खलिता धाडी आणि त्यात मन मोकळे करी.

सर निकोलस हेंडरसन हे त्यांतलेच. वॉर्सा, बॉन, पॅरिस असा प्रवास करून १९७९ साली ते साठाव्या वर्षी निवृत्त होत होते. पॅरिसहून त्यांनी लिहिले, तीनशेहून अधिक वर्षांत प्रथमच ब्रिटन दरडोई उत्पन्नात फ्रान्सच्या मागे पडले आहे. घरची तिजोरी रिकामी असेल, तर बाहेर शब्दाला वजन कुठले, असा त्यांचा रोख होता. खलिता फुटला, 'द इकॉनॉमिस्ट'मध्ये छापूनही आला. तरी त्यांचे काही बिघडले नाही. उलट त्याच वर्षी थॅचरबाईंच्या नव्या सरकारने त्यांना निवृत्तीतून उठवून वॉशिंग्टनला पाठवले. १९८२ च्या फॉकलंड युद्धात अमेरिकी दूरचित्रवाणीवर ब्रिटनची बाजू लढवली ती याच परखड गृहस्थाने.

२००६ मध्ये रोमहून निवृत्त होताना सर आयव्हर रॉबर्ट्स यांनी खात्याच्याच कारभारावर बोट ठेवले. त्यानंतर ही प्रथा बंद झाली. फुटलेले पत्र सरकारला बोचते, हे मान्य. पण आयुष्यभराच्या अनुभवाचा हिशेब न पाहताच खाते बंद करणे कोणत्या पेढीला परवडते?