घरच्या पाण्याच्या मोटरीला मेन स्विच कसा बसवून घ्यावा?



मृगाच्या सरी यायच्या आत आपण राब भाजून घेतो, बांध आणि उघाड्या नीट करतो, घरावरची कौले चाळतो. त्याच कामांत आणखी एक काम धरावे, ते म्हणजे विहिरीवरच्या किंवा टाकीवरच्या पाण्याच्या मोटरीचा मेन स्विच पाहून घेणे. द्रोणागिरीच्या आसपास, म्हणजे करंजा, चाणजे, बोकडविरा, फुंडे, डोंगरी, पाणजे या गावांतून, जमिनी सिडकोकडे गेल्यावर भाताचे क्षेत्र कमी झाले. तरी परसातली केळ, वांगी, मिरची आणि घरचे पिण्याचे पाणी यांसाठी अर्ध्या किंवा एका अश्वशक्तीची मोटर पुष्कळांच्या दारात आहे. बोकडविऱ्याला वायूवर चालणारे वीज केंद्र 1982 पासून आहे, त्यामुळे वीज आपल्याला काही नवी नाही. पण मोटरीची जोडणी पाहिली तर बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघरातल्या प्लगमधून एक वायर खिडकीबाहेर काढलेली, ती कुंपणावरून विहिरीकडे नेलेली, आणि चालू-बंद करण्याचा खटका मात्र घरात, असा प्रकार दिसतो.

खटका बंद केला की मोटरीतली वीज गेली, असे आपण धरून चालतो. ते नेहमीच खरे नसते.

घरच्या सिंगल फेज मोटरीला दोन तारा येतात. एक फेजची, जी 230 व्होल्टची वीज आणते. दुसरी न्यूट्रलची, जिच्यातून ती परत जाते. साधा खटका या दोनपैकी एकच तार तोडतो. ती फेजची असली तर ठीक. पण खांबावर किंवा मीटरपाशी दुरुस्ती करताना तारांची अदलाबदल झाली, बोर्डात वायरमनने घाईत उलट जोड दिला, किंवा दोन पिनांचा प्लग उलटा घातला, तर तोच खटका आता न्यूट्रल तोडतो. मोटर थांबते, आवाज बंद होतो, पण फेज आत जाऊन मोटरीच्या गुंडाळ्यांत तशीच उभी राहते. मग पंपाने पाणी सोडले म्हणून तुम्ही अनवाणी, ओल्या जमिनीवर उभे राहून पंपात पाणी भरायला जाता. गुंडाळी दमट होऊन बॉडीला चिकटलेली असेल, तर त्या एका हाताच्या स्पर्शात माणूस जातो. घरची माणसे नंतर सांगतात, “अहो, खटका तर बंद होता!” आणि तो खरोखरच बंद असतो.

यावर उपाय एकच. मोटरीसाठी दोन्ही तारा एकाच दांड्याने, एकाच वेळी तोडणारा स्वतंत्र मेन स्विच बसवावा. दुकानात त्याला डबल पोल किंवा थोडक्यात डीपी म्हणतात. (गावात डीपी म्हणजे रोहित्र, तेव्हा दुकानदाराला पुरते नाव सांगा.) तारा कशाही उलटसुलट झाल्या तरी हा स्विच पाडला की मोटर खरोखर मेलेली असते. अर्ध्या-एका अश्वशक्तीच्या मोटरीला 16 अँपिअरचा डबल पोल एमसीबी पुरतो. मोटर सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट वीज ओढते, म्हणून एमसीबी सी जातीचा मागावा, नाहीतर तो उगाच पडत राहील. जुनी लोखंडी पेटी आणि चिनीमातीचे किटकॅट असतील तर तेही चालते, मात्र फ्यूज फक्त फेजमध्ये असावा. न्यूट्रलमध्ये फ्यूजची तार कधीही घालू नये. ती वितळली की मोटर थांबते आणि फेज आत राहते, म्हणजे पुन्हा तोच सापळा.

आता जागा. स्विच मोटरीपासून दिसेल असा असावा. पंपाशी हात घालणाऱ्याला मान वळवली की दांडा खाली आहे हे दिसले पाहिजे. घरात स्विच आणि परसात मोटर असली, तर कोणी मूल किंवा पाहुणा “मोटर बंद का?” म्हणून तो चालू करून मोकळा होतो. उंची जमिनीपासून साधारण पाच फूट ठेवावी. खाजणाच्या कडेला घर असेल आणि उधाणाची भरती अन् पाऊस एकदम आल्यावर परसात पाणी चढत असेल, तर मागे पाणी कुठवर आले होते ती खूण पाहून त्याच्या बऱ्याच वर स्विच घ्यावा. पण विहिरीच्या कठड्यावर, जिथे बादलीचे पाणी उडते, तिथे नको.

आपल्याकडची हवा खारी आहे, ही गोष्ट घाटावरून आलेले वायरमन विसरतात. लोखंडी पेटी इथे दोन-तीन पावसाळ्यांत गंजते. तांब्यावर हिरवट कळंक चढतो, जोड सैल होतो, सैल जोड तापतो आणि मग स्विच जळतो. म्हणून पाणी आणि धूळ आत जाऊ न देणारी चांगल्या प्लास्टिकची पेटी घ्यावी. वायर पेटीत खालच्या बाजूने घ्यावी, वरून कधीही नाही. आत जाण्याआधी वायरला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळाच्या टोकाला गळून पडते, पेटीत शिरत नाही. वायरचे भोक ग्लँडने घट्ट करावे. मुंग्या आणि पाली उबेला आत येतात, आणि पालीमुळे शॉर्ट झालेले स्विच थोडेथोडके नसतात.

जोडणी तुम्ही स्वतः करू नये. कायद्यानेही हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराच्या माणसाचे आहे. 1956 च्या भारतीय वीज नियमांपासून हा दंडक आहे, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या विनियमांतही तो कायम आहे. मात्र तो काम करीत असताना तुम्ही शेजारी उभे राहा आणि पाहा. विचारायला संकोच कसला, पैसे तुमचे आणि जीवही तुमचाच.

मोटरीसाठी वायर घरच्या मेन बोर्डापासून थेट, वेगळी आली पाहिजे. स्वयंपाकघरच्या प्लगातून नको. तांब्याची, अर्ध्या अश्वशक्तीला दीड आणि एकीला अडीच चौरस मिलिमीटरची, मध्ये कुठेही चिकटपट्टीचा जोड नसलेली. बाहेरून आलेल्या दोन तारा स्विचच्या वरच्या टर्मिनलला आणि मोटरीकडे जाणाऱ्या खालच्या टर्मिनलला, असा क्रम ठेवायला सांगा. फेजला लाल, न्यूट्रलला काळी, अर्थिंगला हिरवी. एवढी शिस्त पाळली तर दहा वर्षांनी येणारा दुसरा वायरमनही चुकणार नाही. स्क्रू आवळल्यावर प्रत्येक तार हाताने ओढून बघायला लावा, अर्थात वीज बंद असताना.

हिरवी तार या स्विचमधून जात नाही. ती न तुटता, सलग, मोटरीच्या बॉडीपासून अर्थिंगच्या पाइपापर्यंत गेली पाहिजे. पाइप जस्ताचा मुलामा दिलेला, किमान 38 मिलिमीटर व्यासाचा आणि अडीच मीटर लांबीचा असावा. खारवट जमिनीत वीज चटकन मुरते, हा आपला फायदा. पण तीच जमीन पाइपही चटकन खाते, म्हणून वरचा नटबोल्ट दरवर्षी उघडून, घासून, पुन्हा आवळावा.

इथे एक वाईट सवय सांगितलीच पाहिजे. न्यूट्रल गेला की काही जण फेज आणि अर्थिंग यांवर मोटर चालवतात. मोटर चालते, म्हणून हुशारी वाटते. पण मग अर्थिंगचा जोड जरा सैल झाला की त्या तारेला जोडलेली घरातली प्रत्येक धातूची वस्तू, फ्रीज असो की मिक्सर, जिवंत होते. पाइपाच्या आसपासच्या ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या बैलालाही धक्का बसतो. न्यूट्रल गेला असेल तर महावितरणच्या 1912 या क्रमांकावर तक्रार करावी आणि त्या दिवशी पाणी हाताने शेंदावे.

फ्यूज किंवा एमसीबी असला म्हणजे शॉकपासून बचाव होतो, हाही गैरसमज आहे. पंधरा वॉटच्या लहान बल्बमधून सुमारे 65 मिलिअँपिअर वीज जाते. तेवढी छातीतून गेली तर माणूस मरू शकतो. आणि 16 अँपिअरचा एमसीबी तर तिच्या शेकडो पटींपर्यंत हूं की चूं करीत नाही. तो वायर जळू नये म्हणून आहे. माणसासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी घरच्या मेन बोर्डात बसवावा. जुने लोक त्याला ईएलसीबी म्हणतात. गेलेली वीज तेवढीच परत आली नाही, म्हणजे कुठेतरी गळते आहे, हे ओळखून तो तत्क्षणी पडतो. त्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो ना, ते पाहावे. पावसाळ्यात तो वारंवार पडू लागला तर कटकट म्हणून काढून टाकू नका. गळती कुठे आहे ते शोधा. बहुधा ती मोटरीतच सापडते.

मोटरीला हात लावायचा असेल तेव्हा आधी स्टार्टर किंवा खटका बंद करावा, मग मेन स्विच पाडावा. एरवी चालू मोटरीवर मेन स्विच ओढू नये, आतले संपर्क जळतात. स्विचला कुलूप लावायची सोय असेल तर लावावे, किटकॅट असेल तर काढून खिशात ठेवावे. टेस्टर आधी चालू प्लगावर पेटतो का पाहावा, मग मोटरीच्या तारांवर, आणि परत चालू प्लगावर. टेस्टरच बिघडलेला असला तर तो मेलेली आणि जिवंत तार सारखीच दाखवतो. पाणबुडी पंपाच्या पेटीत कपॅसिटर असतो, तो वीज बंद केल्यावरही थोडा वेळ भरलेला राहतो, म्हणून लगेच हात घालू नये. घरी इन्व्हर्टर असेल तर तो मोटरीच्या वायरला कुठे जोडलेला नाही ना, याची वायरमनकडून खात्री करून घ्यावी.

आणि हे ध्यानात असू द्या, की मेन स्विच पाडल्यावर मोटर मेली तरी पेटीतल्या वरच्या दोन टर्मिनलला वीज असतेच. पेटीच उघडायची असेल तर घरचा मेन बंद करावा लागतो. मीटरच्या अलीकडचे, सीलबंद असलेले काही असेल, तर ते महावितरणचे काम.

कोणाला मोटरीपाशी शॉक लागून तो चिकटला, तर त्याला ओढायला धावू नका. मेन स्विच जवळ आणि दिसेल असा बसवायचा तो यासाठीही. अशा वेळी स्टार्टरची वाट न पाहता सरळ तो पाडावा. स्विच हाताशी नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या काठीने त्याला वायरपासून दूर करावे. श्वास थांबला असेल तर छाती दाबणे आणि तोंडाने श्वास देणे ताबडतोब सुरू करावे, दुसऱ्याने 108 ला फोन करावा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत ते थांबवू नये.