सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य आणि शासनाची मर्यादा

मज्झिम निकायातील उपालि सुत्तात एका धर्मांतराचा वृत्तान्त आहे. उपालि हा नालंदा येथील धनाढ्य गृहपती. तो निगण्ठ नातपुत्तांचा अनुयायी होता आणि भगवान बुद्धांना वादात जिंकण्याच्या हेतूनेच त्यांच्याकडे आला होता. कायेने केलेले कर्म अधिक गंभीर की मनाने केलेले, हा वादाचा विषय होता. वादाच्या अखेरीस त्याला तथागतांचे म्हणणे पटले आणि त्याने उपासक होण्याची इच्छा व्यक्त केली. तथागतांनी त्याला तत्काळ स्वीकारले नाही. तुझ्यासारख्या नामांकित माणसाने पूर्ण विचार करूनच पाऊल उचलावे, असे त्यांनी सांगितले. उपालि आश्चर्यचकित झाला. दुसऱ्या कोणा आचार्याला असा शिष्य लाभला असता तर त्याने नालंदाभर पताका मिरविली असती, असे त्याला वाटले. त्याने पुन्हा विनंती केली तेव्हा तथागतांनी आणखी एक गोष्ट सांगितली. तुझ्या घरी आजवर निगण्ठांना भिक्षा मिळत आली आहे, ती यापुढेही देत राहावी.

या प्रसंगाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, याचे कारण धर्म, व्यक्तिस्वातंत्र्य आणि शासन या विषयावर आज जो वाद चालतो त्याचे सार त्यात आहे. धर्म बदलण्यापूर्वी मनुष्याने विचार करावा, हे तथागतांना मान्य होते, नव्हे त्यांचा तसा आग्रहच होता. प्रश्न एवढाच की तो विचार पुरेसा झाला की नाही हे कोणी ठरवावयाचे? उपालीच्या बाबतीत ते उपालीनेच ठरविले. मगधाच्या राजाकडे त्याला जावे लागले नाही.

घटनेने काय दिले?

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २५ ने सर्व व्यक्तींना सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्म मुक्तपणे प्रकट करण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या मर्यादा त्यास आहेत. या वाक्यातील शब्दांचा क्रम अर्थपूर्ण आहे. सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य प्रथम येते आणि धर्म त्यानंतर. मनुष्य अगोदर स्वतंत्र आहे, मग तो कोणत्याही धर्माचा आहे वा कोणत्याच धर्माचा नाही.

डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत या अनुच्छेदावर चर्चा झाली तेव्हा 'प्रसार' या शब्दावरून मोठा वाद झाला. लोकनाथ मिश्र यांनी त्यास कडाडून विरोध केला. कन्हैयालाल मुनशी यांनी त्याचे समर्थन करताना असा युक्तिवाद केला की, हा शब्द नसता तरी भाषणस्वातंत्र्याच्या आधारे कोणालाही आपले मत दुसऱ्यास पटवून देता आलेच असते. टी. टी. कृष्णम्माचारी यांनी दाखवून दिले की हा हक्क केवळ ख्रिस्ती धर्मप्रसारकांचा नाही. आर्य समाजाच्या शुद्धिकार्यालाही तो तितकाच लागू आहे. अखेर तो शब्द राहिला.

परंतु शासनाने धर्माच्या क्षेत्रात पाऊलच टाकू नये, असे घटनेने म्हटलेले नाही. त्याच अनुच्छेदाने सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था सर्व वर्गांना खुल्या करण्याचा अधिकार शासनास दिला. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा दार बंद ठेवणारेही आपल्या धर्मस्वातंत्र्याचीच भाषा बोलत होते. शासन दूर राहिले म्हणजे स्वातंत्र्य आपोआप नांदते, असा समज म्हणूनच भाबडा ठरतो. एकाच्या धर्माने दुसऱ्याची वाट अडविली तर ती मोकळी करणे हे शासनाचे काम आहे. मनुष्याच्या मनात शिरून त्याच्या श्रद्धेची तपासणी करणे हे मात्र त्याचे काम नव्हे. शासनाची कृती आणि शासनाचे अतिक्रमण यांतील सीमारेषा येथे आहे, असे आम्हांस वाटते.

नागपूर, १९५६

ही सीमारेषा किती सहज पुसली जाते हे पाहावयाचे असेल तर नागपूरचाच इतिहास पाहावा. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूर ही तेव्हाच्या मध्य प्रदेश राज्याची राजधानी होती. त्या राज्याने १९५४ साली ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी हे तिचे अध्यक्ष होते. समितीचा अहवाल १९५६ साली आला. अवैध मार्गांनी होणाऱ्या धर्मांतरांवर नियंत्रण असावे आणि आवश्यक तर कायदा करावा, अशी शिफारस त्यात होती. त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर रोजी, बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भदन्त चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि नंतर लाखोंच्या समुदायास स्वतः दीक्षा दिली. त्या सोहळ्याच्या वेळी ज्या प्रतिष्ठित व्यक्तींनी बौद्ध धम्म स्वीकारला त्यांत न्यायमूर्ती नियोगीही होते.

न्यायमूर्तींना दूषण देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. एका विद्वान माणसाने विचारपूर्वक धर्म बदलला आणि त्यासाठी त्याला कोणत्याही कचेरीत जावे लागले नाही, हे योग्यच झाले. परंतु समितीच्या शिफारशीची दिशा पुढे कोठवर गेली ते पाहा. १९६७ साली ओरिसाने आणि १९६८ साली मध्य प्रदेशाने धर्मस्वातंत्र्य या नावाचे कायदे केले. बळजबरीने, प्रलोभनाने वा फसवणुकीने दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणणे त्यांनी गुन्हा ठरविले. मध्य प्रदेशच्या कायद्यात आणखी एक कलम होते. धर्मांतराचा विधी करणाऱ्याने त्याची माहिती जिल्हा दंडाधिकाऱ्यास कळविली पाहिजे; न कळविल्यास तोही गुन्हा. हा कायदा बारा वर्षे आधी झाला असता, तर दीक्षाभूमीवर उभ्या असलेल्या लाखो स्त्री-पुरुषांची माहिती दंडाधिकाऱ्यांकडे पाठविण्याची जबाबदारी बाबासाहेबांवर आली असती.

'करणे' आणि 'करविणे'

हे दोन्ही कायदे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात वैध ठरविले. प्रसाराचा हक्क म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे विशद करून सांगण्याचा हक्क. दुसऱ्याचे धर्मांतर करविण्याचा हक्क त्यात येत नाही, कारण सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य त्या दुसऱ्यालाही आहे, असे मुख्य न्यायमूर्ती अजितनाथ राय यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने म्हटले.

हा निर्णय पुष्कळदा चुकीचा वाचला जातो. धर्मांतर 'करविणे' आणि धर्मांतर 'करणे' या दोन भिन्न क्रिया आहेत. न्यायालयापुढे प्रश्न होता तो करविणाऱ्याच्या हक्काचा. जो स्वतः विचार करून धर्म बदलतो त्याचा हक्क प्रसारात नसून सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यातच अंतर्भूत आहे, आणि तो या निर्णयाने कमी झाला नाही. परंतु पुढील कायद्यांची रचना अशी की, धर्म बदलणारा मनुष्य त्यांत कर्ता म्हणून दिसतच नाही. कोणीतरी त्याला बदलले, एवढेच गृहीत धरलेले असते. दलित, आदिवासी व स्त्रिया यांच्या धर्मांतरासाठी अनेक कायद्यांत अधिक शिक्षा ठेवली आहे. हेतू संरक्षणाचा सांगितला जातो. पण या माणसांना स्वतःचे बरेवाईट कळत नाही, असा त्याचा ध्वनी निघतो. ज्यांनी १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा ऐकली आणि एकवीस वर्षांनी दीक्षा घेतली, त्यांना विचार करण्यास वेळ अपुरा पडला असे कोण म्हणेल?

२००३ च्या गुजरातच्या कायद्याने तर माहितीच्या जागी पूर्वपरवानगी आणली. एप्रिल २०२४ मध्ये तेथील गृहविभागाने एक परिपत्रक काढून बौद्ध धर्म हा कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र धर्म असल्याचे आणि म्हणून हिंदू व्यक्तीला तो स्वीकारताना परवानगी आवश्यक असल्याचे स्पष्ट केले. आपला धर्म स्वतंत्र आहे ही मान्यता आणि तो स्वीकारण्यासाठी अर्ज करण्याची सक्ती, या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर आल्या. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्याने साठ दिवसांची पूर्वसूचना आणि त्यानंतर पोलिसांमार्फत हेतूची चौकशी अशी पद्धत घातली.

या कायद्यांचे समर्थक म्हणतात की, फसवणूक रोखावयाची तर पूर्वसूचना हवीच. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गरिबाच्या अडचणीचा फायदा घेऊन श्रद्धा विकत घेणे हे निंद्य कृत्य आहे, मग ते कोणत्याही धर्माच्या नावाने घडो. परंतु बळजबरी व फसवणूक यांची तक्रार बाधित व्यक्ती करू शकते आणि अपराध घडल्यावर शासनाने शिक्षाही करावी. पूर्वसूचनेने मात्र निरपराध मनुष्यच आधी चव्हाट्यावर येतो. गावातील धर्मांतराची बातमी दोन महिने अगोदर फुटली तर तिचा पहिला परिणाम कोणावर होईल, हे बहिष्कार अनुभवलेल्या समाजास सांगावयास नको. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने २०१२ साली तेथील कायद्यातील पूर्वसूचनेचे कलम रद्द केले ते याच विचाराने. श्रद्धा बदलण्याप्रमाणेच ती गुप्त ठेवण्याचाही मनुष्यास हक्क आहे, असे त्या न्यायालयाने म्हटले. मूळ धर्मात परतणाऱ्यास त्या कायद्यात सूचनेतून सूट होती. बाहेर जाण्यास सूचना आणि परत येण्यास मोकळीक, अशा नियमाला तटस्थ कसे म्हणावे? २०१९ च्या नव्या कायद्याने तेथे पूर्वसूचना पुन्हा आणली.

बंदी न घालता वसूल केलेली किंमत

शासन बंदी न घालताही स्वातंत्र्य आकुंचित करू शकते. १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपतींच्या आदेशात, हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही, अशी तरतूद होती. १९५६ साली शिखांचा त्यात समावेश झाला. त्याच वर्षी धम्म स्वीकारलेल्या आपल्या बांधवांना मात्र केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे, थांबावे लागले. महाराष्ट्र शासनाने १९६० पासून नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. तरीही आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात १९५१ च्या जनगणनेत बौद्धांची संख्या अवघी २,४८७ होती, ती १९६१ मध्ये २७,८९,५०१ झाली. सवलत जाईल हे ठाऊक असूनही लोकांनी आपला धर्म निर्भयपणे नोंदविला. प्रलोभनाने धर्मांतर होते म्हणणाऱ्यांनी या आकड्यांचा विचार करावा. येथे प्रलोभन धर्म न बदलण्याचे होते. ख्रिस्ती व मुस्लिम झालेल्या दलितांपुढे हाच प्रश्न उभा राहिला आणि त्यासाठी केंद्र शासनाने २०२२ साली आयोग नेमला. चौतीस वर्षे जे आपण सोसले, ते इतरांच्या वाट्यास आल्यावर आपण तटस्थ राहणे शोभणार नाही.

स्वतःकडे पाहताना

शासनास मर्यादा सांगताना आपली परंपराही तपासली पाहिजे. सम्राट अशोकाच्या सातव्या व बाराव्या शिलालेखांत सर्व पंथांनी सर्वत्र राहावे आणि आपल्या पंथाच्या अभिमानापोटी दुसऱ्याची निंदा करू नये, असा उपदेश आहे. परंतु सारनाथ, सांची व कौशांबी येथील त्याच सम्राटाच्या लेखांत संघभेद करणाऱ्या भिक्षु-भिक्षुणींना श्वेत वस्त्रे देऊन विहाराबाहेर ठेवण्याची राजाज्ञा आहे. हेतू संघाच्या ऐक्याचा होता. तरी राजदंड संघाच्या दारात आला हे नाकारता येत नाही.

विनयातही परवानगीचे नियम आहेत. मातापित्यांच्या संमतीवाचून पुत्रास प्रव्रज्या देऊ नये, राजसेवेतील सैनिकास व ऋणकोस संघात घेऊ नये, असे तथागतांनी ठरविले. प्रव्रज्येने इतरांप्रती असलेली कर्तव्ये सुटतात, म्हणून तेथे इतरांचा विचार आला. त्रिशरण घेणाऱ्या उपासकासाठी मात्र अशी कोणाचीही संमती लागत नाही. त्याचे घर, त्याचे ऋण, त्याची कर्तव्ये जागच्या जागी राहतात. बदलते ती केवळ श्रद्धा. दुसऱ्याच्या हक्कास स्पर्श होतो तेथे नियम आणि केवळ मनाचा प्रश्न असतो तेथे स्वातंत्र्य, हा विवेक आधुनिक शासनानेही घेण्याजोगा आहे.

शेवटी कसोटी आपल्यालाच लागते. धम्मात येणाऱ्याचे स्वातंत्र्य आपण आनंदाने मान्य करतो. पण आपल्याच वस्तीतील एखाद्या मुलीने विचार करून दुसरा धर्म स्वीकारला, तर तिच्या घरावर बहिष्कार पडणार नाही याची हमी आपण देऊ काय? तिच्या आईला विहारात पूर्वीसारखीच जागा मिळेल काय? उपालीला तथागतांनी जुन्या गुरूंची भिक्षा चालू ठेवण्यास सांगितले, त्याचा अर्थ हाच की, मत बदलले म्हणून माणसामाणसांतील नाते तोडावयाचे नसते. ज्या समाजात असे नाते टिकते तेथे दंडाधिकाऱ्यापुढे अर्ज करण्याची कोणास आवश्यकता वाटणार नाही. शासनास त्याची मर्यादा सांगण्याचा अधिकार आपल्याला आहेच. तो अधिकार बळकट व्हावयाचा असेल तर त्याच मर्यादेचे पालन आपल्या घरात, वस्तीत आणि विहारात प्रथम झाले पाहिजे.